‘बेळगावची गाडी आली काय?’ : वाक्याची रचना आणि अर्थ यंत्राला एकत्र शिकवायचे कसे

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची खानापूर तालुक्यातली, नोकरीमुळे सध्या बेळगावात अनगोळला राहते. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी. गेलं दीड वर्ष रात्री आणि सुट्टीच्या दिवशी घरचं एक काम चाललंय: आपल्या बोलीत विचारलं की एसटीची वेळ सांगणारा फोनवरचा छोटा प्रोग्रॅम. माझ्या आजीसाठी सुरू केला. तिला वाचता येत नाही, ना मराठी ना कन्नड. त्यामुळे गाडीवरची पाटी कुठल्या भाषेत आहे याचा तिला काही फरक पडत नाही, ती विचारूनच चढते.

बोललेलं अक्षरांत आणायला तयार साधन आहे, त्यात मी पडत नाही. माझं काम त्याच्या पुढचं, म्हणजे अक्षरांत आलेल्या वाक्याचा अर्थ लावायचं. तिथंच अडलेय, म्हणून धागा काढतेय.

गेल्या पावसाळ्यात आजी खानापूर स्टँडवर उभी होती. बेळगावला मावशीकडे यायचं होतं. तिनं फोनला विचारलं, “बेळगावची गाडी आली काय?” प्रोग्रॅमनं बेळगावहून खानापूरला येणाऱ्या गाडीची वेळ सांगितली. आजी बाकावर बसून राहिली आणि तिच्या समोरून बेळगावला जाणारी गाडी सुटून गेली. ती मावशीकडे पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, पदर सगळा भिजलेला. मला एवढंच म्हणाली, “यंत्राला काय कळतंय बाळ, माणसालाच विचारायला पाहिजे होतो.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

‘बेळगावची गाडी’ म्हणजे बेळगावला जाणारी की बेळगावहून आलेली? ‘ची’ दोन्हीकडे चालते. “बेळगावची गाडी लागली काय?” म्हटलं तर शंकाच नाही, जाणारी. “बेळगावच्या गाडीनं लेक आला” म्हटलं तर आलेली. “बेळगावच्या गाडीत बसला” म्हटलं की पुन्हा जाणारी. “आली काय?” एवढ्यावर मात्र दोन्ही शक्य आहेत, कोण कुठं उभं आहे त्यावर ठरतं.

आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगते.

पहिल्या खेपेला पुस्तकात असतं तसं दोन मजली बांधलं. खालच्या मजल्यावर नुसतं व्याकरण: नाम, विशेषण, क्रियापद ओळखायचं आणि वाक्याचं झाड, म्हणजे कुठला शब्द कुठल्या शब्दाला जोडलेला ते दाखवणारी आकृती, उभं करायचं. वरच्या मजल्यावर त्या झाडाचा अर्थ. झालं असं की खालचा मजला एकेका वाक्याची ढीगभर झाडं करायला लागला. “उद्या सकाळी नंदगडहून खानापूरच्या दवाखान्यात जायला गाडी आहे काय?” यातलं ‘उद्या सकाळी’ हे ‘जायला’ला जोडायचं की ‘आहे’ला? ‘नंदगडहून’ कुणाचं? व्याकरणाच्या नजरेनं सगळी झाडं बरोबर. त्यातलं शहाणं कुठलं हे वरच्या मजल्याला ठाऊक, पण त्याला विचारायची वेळ येईपर्यंत खाली गोंधळ माजलेला.

दुसऱ्या खेपेला चिडून व्याकरणच काढून टाकलं. नाम-क्रियापदाऐवजी सरळ ‘गाव’, ‘वेळ’, ‘गाडी’ असे वर्ग केले आणि नियम लिहिला: गाव-हून, गाव-ला, गाडी, कधी. आठवड्यात चालायला लागलं! मग काका म्हणाले, बटाट्याचा बाजारभाव सांगणारं पण करून दे की. करायला बसले तर आधीच्या नियमातलं काहीच कामाला येईना. ‘गाव-हून’चा नियम बटाट्याला काय उपयोगाचा? सगळं मुळापासून पुन्हा लिहायचं. मराठी भाषा तीच, बोलणारी माणसं तीच, तरी दर वेळी नवीन व्याकरण!

आता तिसरी खेप. रचना आणि अर्थ एकाच नियमात बसवायचे आहेत, पण नियम गाडीपुरता अडकून पडता कामा नये. ‘गाव + ची + गाडी’ला मी सध्या अर्धवट भरलेल्या फॉर्मसारखं ठेवते. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ असे दोन रकाने आहेत, बेळगाव त्यांपैकी एकात जाणार, पण कुठल्या ते क्रियापद येईपर्यंत उघडं. ‘लागली’ आलं की ‘कुठे’ भरायचं. ही दिशा बरोबर आहे काय? जाणकारांनी मोकळेपणानं लिहावं.

निपाणीवाला

ताई, काम चांगलं आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. आजकालची मोठी भाषा-मॉडेलं व्याकरण न शिकवताच हे सगळं करतात. लाखो पानं वाचून त्यांना ‘लागली’ आणि ‘आली’तला फरक आपोआप कळतो. मग हाताने नियम लिहीत बसण्यात दीड वर्ष घालवायचं कशाला? नाउमेद करायचं नाही, वेळ वाया जाऊ नये एवढंच.

मलप्रभाकाठ

निपाणीवाला, प्रश्न रास्त आहे, मी स्वतःलाही विचारलाय. ती मॉडेलं मी वापरून पाहिली. पुस्तकी मराठी त्यांना छान कळते. पण आपण बोलतो तसं लिहिलेलं आहेच किती? आपण बोलतो एक आणि लिहायला बसलो की पुण्याचं लिहितो. आजीचं एक वाक्यसुद्धा कुठं छापलेलं नाही, मग ते मॉडेलला मिळणार कुठून? शिवाय कणकुंबी-जांबोटीकडे पावसात रेंज जाते, माझा प्रोग्रॅम साध्या फोनवर, रेंजशिवाय चालला पाहिजे. तिसरं माझ्यासाठी सगळ्यात मोठं: चुकलं तर कुठं चुकलं ते मला दिसायला हवं. आजीची गाडी चुकली तेव्हा कुठल्या नियमानं दगा दिला ते मी दहा मिनिटांत शोधून काढलं.

शहापूर_मास्तर

मुली, तुझा धागा दोनदा वाचला. संगणकातलं मला काही कळत नाही, मी मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालो. पण तू ज्याच्याशी झगडते आहेस ते मला ओळखीचं वाटलं, म्हणून लिहितो.

तुझी ‘ची’ जशी दुतोंडी, तशीच आपली ‘ने’. “रामाने चाकूने आंबा कापला.” दोन ‘ने’. एक कापणाऱ्याची, एक ज्यानं कापलं त्याची. शब्दांची जागा बदलून “चाकूने रामाने आंबा कापला” म्हटलं तरी कुणी गोंधळत नाही. प्रत्यय पाहून हे ठरत नाही. पाणिनीनं तर सरळ सूत्रच केलं: ‘कर्तृकरणयोस्तृतीया’. कर्ता आणि करण, दोघांना एकच तृतीया. ‘रामेण बाणेन हतो वाली’ हे त्याचं परंपरेतलं उदाहरण, रामानं बाणानं वालीला मारलं. इथं राम तृतीयेत, बाणही तृतीयेत.

म्हणजे त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणाच्या जवळपास ४००० सूत्रांत विभक्ती वेगळी आणि कारक वेगळं. विभक्ती म्हणजे शब्दाच्या शेपटीला दिसतं ते. कारक म्हणजे त्या शब्दाचं क्रियेशी असलेलं नातं. ‘स्वतन्त्रः कर्ता’, जो क्रियेत स्वतंत्र तो कर्ता. ‘साधकतमं करणम्’, क्रिया साधायला जे सगळ्यात जास्त उपयोगी ते करण. या व्याख्यांत प्रत्ययाचा उल्लेखच नाही, अर्थाचा आहे. पण निव्वळ जगातला अर्थही नाही. कारक हे मधलं घर आहे, एक दार रूपाकडे उघडतं, दुसरं अर्थाकडे. तुझे दोन मजले आहेत, पण मधला जिना नाही, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट. वाक्याचा बोध कसा होतो याचा विचार आपल्याकडे नैयायिकांनी आणि मीमांसकांनी, म्हणजे न्याय आणि मीमांसा दर्शनांच्या पंडितांनी, फार बारकाईनं केलेला आहे. त्यांनी तीन अटी सांगितल्या. आकांक्षा: एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा असते, ‘आणतो’ म्हटलं की काय आणतो हे हवंच. योग्यता: ते दोन शब्द अर्थानं एकमेकांना जुळले पाहिजेत. संनिधी: ते जवळ-जवळ उच्चारले गेले पाहिजेत. योग्यतेचं नेहमीचं उदाहरण ‘अग्निना सिञ्चति’, विस्तवानं शिंपतो. विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर, करणही जागेवर, पण विस्तव शिंपता येत नाही म्हणून बोध होत नाही. यात आकांक्षा म्हणजे तुझं व्याकरण आणि योग्यता म्हणजे तुझा अर्थ. एक झाल्यावर दुसरी तपासायची असं त्यांनी म्हटलेलं नाही. तिन्ही मिळून एक बोध.

हिरण्यकेशी

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी इथे ऑफिसातल्या दोघा-तिघांना वाचून दाखवला. मी संकेश्वरचा, बेंगळुरात भाषा-तंत्रज्ञानात काम करतो. तुम्ही म्हणता ती गाठ आमच्या क्षेत्रातही पुन्हा पुन्हा बसली आणि सुटली. ताईंना उपयोगी पडेल तेवढंच सांगतो.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या पुस्तकात एक वाक्य दिलं, त्याचा मराठी भाव असा: रंगहीन हिरव्या कल्पना आवेशानं झोपतात. व्याकरणाला धरून, पण निरर्थक. मास्तरांच्या ‘अग्निना सिञ्चति’चा हा सख्खा भाऊ! पण निष्कर्ष उलटा निघाला. चॉम्स्की म्हणाला, बघा, म्हणजे व्याकरण अर्थाशिवाय स्वतंत्रपणे अभ्यासता येतं. आपल्याकडचे म्हणाले, बघा, योग्यतेशिवाय वाक्य पुरं होत नाही. ताई, तुमची पहिली खेप चॉम्स्कीच्या वाटेनं गेलेली.

१९७० च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटीत टेरी विनोग्राडनं श्रड्लू नावाचा प्रोग्रॅम केला. टेबलावर ठोकळे, पिरॅमिड आणि एक पेटी, इंग्रजीत सांगायचं आणि प्रोग्रॅम ते पडद्यावर हलवायचा. त्यात वाक्याची फोड आणि अर्थ एकत्र चालत. एखादा पदसमूह पुरा झाला की लगेच टेबलाकडे पाहायचं: असं काही आहे का तिथं? त्यातलं प्रसिद्ध वाक्य मराठीत आणायला गेलो तर गंमत अशी झाली की संदिग्धताच उडाली. इंग्रजीत ‘निळा पिरॅमिड’, ‘ठोकळ्यावर’, ‘पेटीत’ हे ओळीनं येतात आणि ठोकळा पेटीत आहे की पिरॅमिड ठोकळ्यावर आहे ते कळत नाही. मराठीत “निळा पिरॅमिड पेटीतल्या ठोकळ्यावर ठेव” वेगळं आणि “ठोकळ्यावरचा निळा पिरॅमिड पेटीत ठेव” वेगळं. ‘तल्या’ आणि ‘चा’ यांनी काम केलं. म्हणून इंग्रजीतली सोडवणूक उचलून आणण्यात अर्थ नाही. त्यांची अडचण आपली नाही, आणि आपली ‘बेळगावची गाडी’ त्यांची नाही.

तुमची दुसरी खेप म्हणजे सत्तरच्या दशकातलं ‘सिमँटिक ग्रामर’, अर्थाच्या वर्गांवर बांधलेलं व्याकरण. रिचर्ड बर्टननं सोफी या इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ते वापरलं. १९७७ च्या सुमारास गॅरी हेंड्रिक्सच्या लाइफरनं अमेरिकी नौदलाच्या जहाजांची माहिती विचारायची सोय केली. त्यात ‘नाम’ नव्हतं, ‘जहाज’ होतं, तुमच्यासारखंच. लाइफरची एक गोष्ट जरूर घ्या: अर्धवट प्रश्न. एका जहाजाची लांबी विचारली आणि मग नुसतं “आणि दुसऱ्याची?” म्हटलं तरी आधीच्या प्रश्नात तेवढा तुकडा बदलून त्याला कळायचं. आजी असंच विचारणार ना, “नंदगडची कधी? आणि बिडीची?” पण दोष तोच, जहाजांवरून बटाट्यावर जाता येत नाही.

तिसऱ्या खेपेची वाट रिचर्ड माँटेग्यूनं दाखवली. हा तर्कशास्त्रज्ञ १९७१ मध्ये गेला, त्याचा गाजलेला निबंध १९७३ मध्ये छापला गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रचनेच्या प्रत्येक नियमाला अर्थाचा एक नियम बांधलेला असावा. दोन तुकडे जोडले की त्यांचे अर्थही त्याच क्षणी जोडले गेले पाहिजेत. अर्थ म्हणजे मोकळी जागा असलेली गोष्ट, पुढचा शब्द येऊन ती जागा भरतो. तुमचा अर्धवट फॉर्म तोच आहे! वर्ग ‘गाडी’, ‘बटाटा’ असे न ठेवता सर्वसाधारण ठेवायचे, आणि गाडीचं गाडीपण शब्दकोशात, ‘लागणे’, ‘सुटणे’, ‘उतरणे’ या शब्दांच्या नोंदीत ठेवायचं. बटाट्याकडे गेलात तर नियम तेच राहतात, शब्दकोश तेवढा बदलतो.

आणि आता मास्तरांसाठी. आयआयटी कानपूरला विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या ‘अक्षर भारती’ गटानं पाणिनीचं कारक घेऊन भारतीय भाषांसाठी संगणकी व्याकरण बांधलं. १९९५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. कल्पना साधी. प्रत्येक क्रियापदाची मागणी असते: कर्ता हवा, कर्म हवं, करण असेल तर चालेल. प्रत्येक मागणीसमोर कुठली विभक्ती चालेल ते तक्त्यात लिहायचं. वाक्यातली नामं म्हणजे पुरवठा. मागणी आणि पुरवठा जुळवला की वाक्य सुटलं. यात आकांक्षा आणि योग्यता हे शब्द त्यांनी तसेच्या तसे वापरलेत.

तक्त्याची दुसरी खुबी मराठीला फार लागते. कर्त्याचा प्रत्यय क्रियापदाच्या शेपटीवर ठरतो. पोरगी आंबा खाते. पोरीनं आंबा खाल्ला. पोरीला आंबा खायचा आहे. पोरीला आंबा खावा लागला. खाणारी एकच, कर्ता एकच, पण प्रत्यय तीन तऱ्हेचे: काही नाही, ‘नं’, ‘ला’. म्हणून मूळ तक्ता एकच ठेवायचा आणि क्रियापदाच्या शेपटीप्रमाणे कर्त्याच्या रकान्यातली विभक्ती बदलायची.

गोकाकची_अक्का

मी गोकाकजवळची. आमच्या घरी कन्नड, सासर मराठी, आता दोन्हीत जगतो. (हो, मी बाई आहे आणि ‘जगतो’ म्हणतो. पुढे सांगतो.)

हिरण्यकेशींनी ‘ला’चं लिहिलं ते कन्नडाला तंतोतंत लागतं. “मला कन्नड येतं” आणि “ननगे कन्नड बरुत्ते”. शब्दाला शब्द लावून बघा. ननगे म्हणजे मला, बरुत्ते म्हणजे येतं. दोन्हीत भाषाच माणसाकडे चालत येते! वरवर पाहिलं तर येणारी कन्नड, म्हणून कर्ता कन्नड. खरं जाणणारा ‘मला’त बसलाय. एक भाषा सुटली की दुसरी सुटली.

गाडीचंही तसंच. “खानापूरहून बेळगावला बस कधी?” हे “खानापूरदिंद बेळगाविगे बस्सु यावाग?” एका ओळीवर दुसरी ठेवली तर काठाला काठ जुळतो. पण एक ठिकाणी जपा. मराठीत ‘ने’ कर्त्याला आणि साधनाला, ‘हून’ जिथून निघालो त्याला. कन्नडात ‘इंद’ साधनालाही आणि जिथून निघालो त्यालाही. म्हणजे दुतोंडी प्रत्यय दोन्हीकडे आहेत, पण वेगळ्या जोड्यांत. आमच्या घरात मिसळून बोलतात तेव्हा प्रत्यय कुठल्या भाषेचा ते आधी बघायला लागेल.

आता ‘मी जगतो’चं. कन्नडात ‘नानु बर्तिनी’ बाईही म्हणते, बाप्याही म्हणतो. ‘मी’बरोबर क्रियापदाला लिंगच नाही. आमच्या भागातल्या कितीतरी बायका मराठीत “मी येतो”, “मी जातो” असंच म्हणतात, माझी सासू म्हणते, मीही म्हणतो. ताई, तुमच्या आजींनीपण “विचारायला पाहिजे होतो” म्हटलंय बघा. बोलणारी बाई असेल तर ‘येते’च हवं, असा नियम प्रोग्रॅममध्ये घट्ट बसवला असेल तर आम्हा सगळ्यांची वाक्यं तो बाहेर टाकेल.

वाटसरू

वाचतोय. एक भर घालतो, ‘म्हणून’. “पाऊस आला म्हणून गाडी चुकली” आणि “गाडी येते म्हणून ड्रायव्हर सांगितला”. पहिल्यात कारण, दुसऱ्यात सांगितलेली गोष्ट, कन्नडातल्या ‘अंत’सारखी. मास्तरांच्या भाषेत बोलायचं तर ‘सांगणे’ला काय सांगितलं याची आकांक्षा आहे, ‘चुकणे’ला नाही. क्रियापद बघितलं की ‘म्हणून’ सुटतो.

हिरण्यकेशी

अक्का, तुमचं वाचून १९७१ मधला जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा लेख आठवला. सांगली जिल्ह्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ एक गाव, लेखात नाव ‘कुपवार’. तिथं कन्नड, मराठी, उर्दू शेकडो वर्षं शेजारी नांदल्या. त्यांनी दाखवलं की शब्द तीन भाषांचे, पण वाक्याची ठेवण जवळपास एकच झालेली. मराठीत “पाला जरा कापून घेऊन आलो”, उर्दूत “पाला जरा काट के ले के आया”, आणि कन्नड वाक्यही त्याच क्रमानं, तुकड्याला तुकडा लावून. उर्दूतल्या “काट के ले के”कडे बघा, घडण ‘कापून घेऊन’ची. आपल्या आज्या-पणज्यांनी तीन भाषांना मिळून एक रचना तयार केली आणि शब्द ज्याचे त्याच्याकडे ठेवले. ताई, तुमचा तक्ता कन्नड-मराठी दोघांना मिळून एकच ठेवता येईल असं मला खरंच वाटतं, प्रत्ययांचे स्तंभ फक्त दोन ठेवा.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गप्प होते कारण करत होते.

मास्तरांचा जिना बांधला. आता मधे कारकांचा तक्ता आहे. झाड पुरं होण्याची वाट पाहत नाही. एक नाम आणि एक क्रियापद जुळलं की योग्यता तिथल्या तिथे तपासली जाते. नंदगडच्या त्या वाक्यात ‘जायला’ स्वतःच ‘कुठून’ची आणि ‘कुठे’ची मागणी करतं, ‘आहे’ करत नाही. म्हणून ‘नंदगडहून’ आणि ‘दवाखान्यात’ बिनबोभाट ‘जायला’कडे गेले आणि उरलेली झाडं उगवलीच नाहीत.

पण खरी परीक्षा आपल्या बोलीनं घेतली. पुस्तकात “पोरीनं भाकरी खाल्ली”. आपल्याकडे “पोरगी भाकरी खाल्ली”. ‘नं’ गेली. आता पोरगीही उघडी, भाकरीही उघडी. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं म्हणावं तर दोन्ही स्त्रीलिंगी, ‘खाल्ली’ दोघींना जुळतं. “पोरगी आंबा खाल्ली” असतं तर ‘ली’वरून पोरगी सापडली असती. भाकरीपाशी व्याकरणाचे हात टेकले. तिथं योग्यता धावून आली: खाणाऱ्यात जीव हवा. भाकरीत नाही. सुटलं.

मग मी मुद्दाम “मांजर उंदीर खाल्लं” दिलं. दोघांत जीव आहे, योग्यता गप्प. पण मांजर नपुंसकलिंगी, ‘खाल्लं’ त्याच्याशी जुळतं. आता व्याकरण धावून आलं. शेवटी “वाघ बोकड खाल्ला” दिलं. दोघे जिवंत, दोघे पुल्लिंगी. इथं पहिला शब्द कर्ता धरायचा, दुसरं काही हातात नाही. हे तीन वाक्यांचं मी रात्री एकापाठोपाठ चालवून पाहिलं आणि खुर्चीवरून उठून आईला सांगायला गेले. एकीकडचं तोकडं पडतं तिथं दुसरं उभं राहतं, आणि कोण कुठं तोकडं पडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून दोघांना एकाच वेळी हजर ठेवावं लागतं.

आणि यासाठी बदल किती करावा लागला? एक ओळ. ‘-ला, -ली, -लं या शेपटीला कर्त्याचा प्रत्यय ‘नं’, क्रियापद कर्माप्रमाणे’ या ओळीखाली दुसरी लिहिली: ‘किंवा प्रत्यय नाही, क्रियापद कर्त्याप्रमाणे’. ‘खाणे’ची मागणी तीच राहिली. अक्कांच्या ‘मी येतो’साठी ‘मी’च्या नोंदीतली लिंगाची अट सैल केली. आता ती अट वाक्य बाहेर टाकत नाही, दोन अर्थांत निवड करायची वेळ आली तर फक्त कौल देते.

शहापूर_मास्तर

मुली, तुझी ती एक ओळ वाचून बराच वेळ बसलो.

“मी काम केलो”, “आई सांगितली”, “पोरगी भाकरी खाल्ली”. ही वाक्यं मी तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल शाईनं खोडली. शेजारी ‘कर्मणी प्रयोग!’ असं लिहायचो. घरी आईशी जे बोलतात तेच मुलं लिहायची आणि मी ते चूक ठरवायचो. प्रमाण मराठी शिकवणं माझं कामच होतं आणि परीक्षेत ती लागतेच, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण ‘हे चूक आहे’ असं लिहिण्याऐवजी ‘इथं प्रयोग वेगळा आहे, कर्ता तोच आहे’ असं मी सांगू शकलो असतो. कारक शिकवत होतो आणि माझ्याच वर्गातलं कारक मला दिसलं नाही.

एक दुरुस्ती सुचवतो. ‘वाघ बोकड खाल्ला’मध्ये पहिला शब्द कर्ता धरलास. पण आपल्याकडे जोर द्यायला कर्म पुढं आणतात: “बोकड वाघ खाल्ला, शेळी नाही.” खाणाऱ्यात जीव हवा एवढ्यावर थांबू नकोस. कोण कुणाला खातं हेही योग्यतेतच येतं.

निपाणीवाला

माझा पहिला प्रश्न मी मागे घेत नाही, मोठी मॉडेलं पुढं जातच राहतील. पण ‘पोरगी भाकरी खाल्ली’ मी आज माझ्या फोनवरच्या एका मॉडेलला दिलं. त्यानं अर्थ बरोबर लावला, आणि वर ‘शुद्ध वाक्य असे हवे’ म्हणून ‘नं’ लावून परत दिलं. आमच्या आईचं वाक्य दुरुस्त करून दिल्यासारखं वाटलं, बरं नाही वाटलं. ताई, निपाणीकडची वाक्यं हवी असतील तर मी गोळा करतो. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका दिवसभर बोलत असतात, त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनं लिहून पाठवतो.

मलप्रभाकाठ

निपाणीवाला, जरूर पाठवा. दुरुस्त न करता, बोलतात तशीच.

मास्तर, वाघ-बोकडाची ओळ घातली. ‘आली काय?’चंही सांगते. क्रियापद दोन्ही रकाने उघडे ठेवतं तेव्हा फोन कुठं आहे ते पाहायचं ठरवलं. खानापूरच्या स्टँडवर उभं राहून कुणी ‘बेळगावची’ म्हणालं तर बहुतेक वेळा ते जाणारं माणूस. पण लेकाला उतरवून घ्यायला आलेली आईही तिथंच उभी असते. म्हणून तिथं प्रोग्रॅम आता उत्तर देत नाही, विचारतो: “बेळगावला जायचंय, की बेळगावहून कोण यायचंय?”

रविवारी आजीला नंदगडच्या स्टँडवर घेऊन गेले. तिनं विचारलं, “खानापूरची गाडी आली काय?” फोननं उलटा प्रश्न केला. आजी फोनकडे बघून म्हणाली, “मी जातो की खानापूरला, आणखी कोण?”

‘मी जातो’. बाईचा आवाज, ‘जातो’, कर्ता ‘मी’, कुठे ‘खानापूर’. सगळे रकाने भरले आणि वेळ आली. गाडी सात मिनिटं उशिरा आली, पण तीच आली.

अक्का, ‘इंद’ची जोडी आज रात्री घालतेय. मिसळून बोलतात ती तुमच्या घरातली पाच-सहा वाक्यं द्याल काय?